मीठ, पातं आणि रस्त्याचं तापमान

अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये एका रात्रीत पंधरा सेंटिमीटर हिम पडलं तर तिथे त्याची फारशी चर्चा होत नाही. पण त्या हिमाचं वजन एकदा काढून पाहावं. महामार्गाची एक लेन साधारण ३.६ मीटर रुंद असते. तिच्या फक्त एका किलोमीटरवर पंधरा सेंटिमीटरचा थर बसला, तर ते होतं ५४० घनमीटर हिम. ताजं हिम म्हणजे बरीचशी हवाच. पाण्याच्या एक दशांश घनता धरली तरी वजन भरतं ५४ टन. एका लेनचं, एका किलोमीटरचं. पहाटे एक ट्रक येतो, ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने हे ५४ टन दीड मिनिटात कडेला सारतो आणि मागच्या बाजूने त्याच लेनवर साठ-सत्तर किलो मीठ शिंपडून पुढे जातो.

५४ टन हिम आणि साठ किलो मीठ. हा हिशेब मला पहिल्यांदा अजिबात पटेना. रस्ता उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर एक किलो मीठ सुमारे साडेआठ किलो बर्फ वितळवू शकतं. म्हणजे ५४ टन वितळवायला सहा टनांहून जास्त मीठ लागेल. साठ किलोंत जेमतेम अर्धा टन वितळेल, एकूण हिमाचा शंभरावा भाग. मग हे मीठ करतं तरी काय?

उत्तर इतकं साधं आहे की ऐकल्यावर सगळ्या यंत्रसामग्रीकडे बघण्याची नजरच बदलते. मीठ हिम वितळवण्यासाठी टाकतच नाहीत. हिम आणि रस्ता यांच्यामध्ये कडक बर्फाचा एक पातळ थर तयार होतो आणि तो डांबराला घट्ट धरून बसतो. तो धरू नये, किंवा धरला असेल तर सुटावा, एवढंच मिठाचं काम. उरलेला भार लोखंडी पात्याने उचलायचा. ट्रकला कोणतं पातं लावायचं, मीठ पसरणारं यंत्र कोणतं घ्यायचं, ते किती आणि केव्हा सोडायचं, हे सगळे निर्णय त्या काही मिलिमीटरच्या थराभोवती फिरतात.

मीठ बर्फाला नेमकं काय करतं, हे आपल्याकडे बर्फाचे रस्ते नसतानाही अनेक घरांनी पाहिलेलं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतला आइस्क्रीमचा पॉट आठवा. लाकडी बादली, मध्ये आंब्याचा रस आणि आटीव दूध भरलेला डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि त्यावर मूठमूठ खडे मीठ. हँडल फिरवत राहायचं. नुसत्या बर्फाने दूध गोठत नाही, कारण बर्फ शून्य अंशाला असतो आणि साखरेचं दूध गोठायला त्याहून खाली जावं लागतं. मीठ पडलं की बर्फ वितळू लागतो. वितळायला उष्णता लागते, एका ग्रॅमला ३३४ ज्यूल, आणि ती आजूबाजूच्या पाण्यातून, बर्फातून आणि डब्यातल्या दुधातून ओढली जाते. बादलीतलं खारट पाणी उणे दहाच्याही खाली उतरतं, दूध गोठतं.

रस्त्यावर हेच घडतं, पण तिथे आपल्याला बादलीतलं खारं पाणी हवं असतं, आइस्क्रीम नको असतं. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू सतत सुटून पाण्यात जात असतात आणि पाण्यातले रेणू पुन्हा बर्फाला चिकटत असतात. शून्य अंशाला ही देवाणघेवाण बरोबरीत असते. पाण्यात सोडियम आणि क्लोराइडचे आयन आले की चिकटणाऱ्या रेणूंची संख्या घटते, सुटणारे मात्र सुटतच राहतात. तोल वितळण्याकडे झुकतो. हा झुकाव उणे २१.१ अंशांपर्यंत टिकतो, तोही द्रावणात वजनाने २३.३ टक्के मीठ असेल तर. त्याहून जास्त मीठ घातलं तर गोठणबिंदू आणखी खाली जाण्याऐवजी परत वर चढू लागतो. निसर्गाने या मिश्रणाला इतकी अचूक मर्यादा घालून दिली आहे, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

पण प्रयोगशाळेतले उणे २१ आणि रस्त्यावरचं वास्तव यांत अंतर आहे. वितळण्यासाठी लागणारी उष्णता रस्त्यावर कुठून येणार? मुख्यतः रस्त्यातूनच. त्यामुळे हवेचं तापमान काय आहे यापेक्षा डांबराचं तापमान काय आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. रस्ता उणे १ अंशाला असेल तर एक किलो मीठ सुमारे ४६ किलो बर्फ वितळवतं आणि त्याला पाचएक मिनिटं पुरतात. उणे ७ ला साडेआठ किलो, वीस मिनिटं. उणे ९ च्या आसपास तासभर लागतो. उणे १२ ला कोरडं मीठ जवळजवळ निरुपयोगी होतं, विरघळण्याआधीच गाड्यांच्या वाऱ्याने उडून जातं. म्हणून हिम सारणाऱ्या ट्रकवर इन्फ्रारेड सेन्सर बसवलेला असतो. तो खालच्या रस्त्याचं तापमान सतत मोजतो आणि चालकाला समोरच्या पडद्यावर दाखवतो. पूल आधी का गोठतात हेही इथेच कळतं. रस्त्याला खालच्या जमिनीची साठवलेली ऊब मिळते, पुलाला वरून-खालून दोन्हीकडून वारा लागतो.

आता पात्याकडे वळू. हिम सारणाऱ्या पात्याला इंग्रजीत म्हणतात प्लाऊ, म्हणजे नांगर. हे पातं नांगराच्या फाळासारखंच वक्र असतं आणि ती वक्रता शोभेची नाही. सपाट फळी हिम नुसतं पुढे ढकलते, ते साचत जातं, वजन वाढतं, ट्रक अडतो. वक्र पात्यावर हिम वर चढतं, स्वतःभोवती गुंडाळलं जातं आणि कडेने बाहेर पडतं. महामार्गावरच्या मोठ्या पात्यांची एक बाजू दुसरीपेक्षा उंच असते, त्यामुळे वेगात असताना हिमाचा झोत रस्त्याच्या कडेपलीकडे फेकला जातो.

पातं तिरकं लावावं लागतं आणि इथेच खरेदी करणाऱ्याने शाळेतलं त्रिकोणमितीचं पुस्तक आठवावं. आठ फुटी पातं ३० अंशांत वळवलं की प्रत्यक्षात सात फुटांहून थोडा कमीच रस्ता साफ होतो. साडेसात फुटी पातं वळवलं तर साडेसहा. आणि मोठ्या पिकअप ट्रकच्या चाकांची बाहेरून-बाहेर रुंदीही साडेसहा फुटांच्या आसपास असते. पातं याहून अरुंद निघालं तर चाक न काढलेल्या हिमावरून जातं, ते दाबून टाकतं, आणि दाबलेलं हिम म्हणजे रस्त्याला चिकटलेला कडक बर्फ. ज्या थराशी सगळी लढाई आहे तो थर आपल्याच चाकाने तयार करायचा, याहून वाईट सौदा नाही.

मग सगळ्यात मोठं पातं घ्यावं का? नाही, कारण पुढचा आस. आठ फुटी पात्याचं वजन जोडणीसकट साडेतीनशे-चारशे किलो असतं आणि ते आसाच्या बरंच पुढे लोंबकळतं. तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवर पात्याच्या वजनापेक्षाही जास्त भार येतो आणि मागची चाकं हलकी होतात. हलकी चाकं घसरतात, ब्रेक लागत नाहीत. ट्रकच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर पुढच्या आसाची कमाल क्षमता लिहिलेली असते. पात्याचा रंग आणि कंपनी पाहण्याआधी ती पट्टी वाचावी. आणि पातं लावलं की मागच्या आसाच्या मागे वजन बांधावं, हा नियम कुणीही मोडू नये.

कंपन्यांची नावं त्या त्या मुलखाशी जोडलेली आहेत. मेन राज्यातल्या रॉकलंडची फिशर, मिल्वॉकीची वेस्टर्न, मिशिगनमधल्या आयर्न माउंटनची बॉस. त्यांच्यातला खरा फरक रंगात नाही, पातं अडथळ्याला धडकल्यावर काय होतं त्यात आहे. हिमाखाली मॅनहोलची झाकणं, फुटपाथच्या कडा, पुलाचे सांधे लपलेले असतात. काही रचनांमध्ये धडक बसली की स्प्रिंगच्या जोरावर सगळं पातं पुढे कलतं आणि अडथळा ओलांडून परत उभं राहतं. काहींमध्ये फक्त खालची काही इंचांची पट्टी मागे मुडपते आणि वरचं हिम जागच्या जागी राहतं. खोल हिमात, ठासून भरलेल्या पात्याने काम करताना मला दुसरी रचना जास्त शहाणपणाची वाटते. पूर्ण पातं कललं तर सगळा ढीग सांडतो आणि काम परत करावं लागतं.

व्ही आकाराचं पातं ही आणखी एक सुरेख कल्पना. त्याचे दोन भाग मधल्या बिजागरीवर फिरतात. टोक पुढे केलं की साचलेल्या ढिगातून वाट फोडता येते, टोक मागे घेतलं की दोन्ही पंख हिम कवेत घेतात आणि पार्किंगच्या कोपऱ्यापर्यंत वाहून नेतात. सरळ पात्याहून महाग, दुरुस्तीला जास्त सांधे. पण दुकानांच्या पार्किंगची कंत्राटं घेणाऱ्याला ते परवडतं.

पात्याची धारही निवडायची असते. साधं पोलाद स्वस्त, पण डांबरावर घासून लवकर झिजतं. महामार्गावरच्या ट्रकांना टंगस्टन कार्बाइड बसवलेली धार लावतात. ओल्या चिखलट हिमासाठी रबर चालतं. अलीकडे तुकड्या-तुकड्यांची धार आली आहे. प्रत्येक तुकडा वेगळा वरखाली होतो आणि चाकांनी पडलेल्या खोलगट पट्ट्यांमध्येही पोचतो. धार रस्त्याला जितकी नीट भिडेल तितकं मागे कमी हिम उरेल आणि जितकं कमी हिम उरेल तितकं मीठ कमी लागेल. पात्यावर खर्च केलेला पैसा मिठात वाचतो.

मिसूरी राज्याच्या परिवहन विभागातून आलेला टो-प्लाऊ पाहिला की थक्क व्हायला होतं. हा ट्रकच्या मागे ट्रेलरसारखा ओढला जाणारा लांब नांगर; त्याची चाकं वळवली की तो ट्रकच्या बाजूला तिरका सरकतो आणि एकच चालक दोन लेन एकदम साफ करत जातो. रुंद महामार्गांवर तीन-चार ट्रक तिरक्या रांगेत चालतात. पहिल्याने ढकललेलं हिम दुसरा उचलतो, दुसऱ्याचं तिसरा. मिनेसोटाच्या परिवहन विभागाकडे हिम काढणारे आठशेहून जास्त ट्रक आहेत आणि तिथले लोक दर हिवाळ्यात मतदान करून त्यांतल्या काहींना नावं देतात. २०२१ मध्ये पहिला मान मिळाला ‘प्लाउई मॅकप्लाउफेस’ला. स्कॉटलंडमध्ये एका मीठ पसरणाऱ्या गाडीचं नाव आहे ‘ग्रिटी ग्रिटी बँग बँग’. ज्या यंत्रावर सकाळची शाळा, दवाखाना आणि नोकरी अवलंबून असते, त्याचं नाव लोक प्रेमाने ठेवणारच.

रस्त्यावर मीठ टाकण्याची पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरने १९३८ मध्ये प्रयोग म्हणून सुरुवात केली. १९४१-४२ च्या हिवाळ्यात देशभरातल्या महामार्गांवर मिळून पाच हजार टन मीठ पडलं. आज हा आकडा वर्षाला दोन कोटी टनांच्या घरात आहे. एवढं मीठ येतं कुठून? बरंचसं जमिनीखालून. डेट्रॉइट शहराच्या खाली साडेतीनशे मीटरवर मिठाची खाण आहे, तिच्यात ट्रक धावतात. कॅनडातल्या गॉडरिच गावाजवळ ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली साडेपाचशे मीटर खोल जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. तो आटत गेला आणि मीठ थराथराने साचलं. आपल्या उरण-वसईच्या मिठागरांत उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत जे घडतं तेच तिथे लाखो वर्षं घडत राहिलं. डायनोसॉरही जन्माला आले नव्हते त्या काळातला समुद्र आज शिकागोच्या रस्त्यावर शिंपडला जातो.

आता हे मीठ पसरायचं कसं? ट्रकच्या हौद्यात व्ही आकाराची मोठी टाकी असते, तिला हॉपर म्हणतात. तिच्या तळाशी सरकता पट्टा किंवा फिरता स्क्रू मीठ मागे आणतो. तिथून ते एका फिरत्या चकतीवर पडतं आणि चकती ते पंख्यासारखं पसरते. पट्टा वाळू-मीठ दोन्ही ओढतो, स्क्रूला सुटं, कोरडं मीठ मानवतं. टाकी पोलादाची, स्टेनलेसची की प्लास्टिकची, हा वाद जुना आहे. माझं मत सरळ आहे: साधं पोलाद मिठापुढे टिकत नाही, मग रंग कितीही जाड असो.

इथेही वजन विसरून चालत नाही. एक घनमीटर मीठ म्हणजे सव्वा टनाच्या आसपास. पुढे चारशे किलोचं पातं, मागे रिकाम्या यंत्राचंच अडीचशे किलो, त्यात चालक. पाऊण टनी म्हटल्या जाणाऱ्या पिकअपची भारवाहक क्षमता घनमीटरभर मिठाच्या आधीच संपलेली असू शकते. टाकीत जागा आहे म्हणून ती काठोकाठ भरायची नाही.

सर्वांत मोलाचा भाग मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे वेगाशी जोडलेला नियंत्रक. ट्रक हळू झाला की चकतीवर मीठ कमी येतं, सिग्नलला थांबला की बंद होतं. हे नसेल तर प्रत्येक चौकात मिठाचा ढीग पडतो आणि पुढचा रस्ता बिनमिठाचा राहतो. नियंत्रक असला तरी दर हंगामाच्या सुरुवातीला यंत्र तोलून घ्यावं लागतं. खाली ताडपत्री पसरायची, एक मिनिट चालवायचं, पडलेलं मीठ वजनकाट्यावर टाकायचं आणि पडद्यावरचा आकडा खरा आहे का ते बघायचं. तासाभराच्या या कामाने टनावारी मीठ वाचतं. तरी अनेक जण ते करत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कोरडं मीठ वेगात असलेल्या ट्रकवरून पडलं की उसळतं. मिशिगनमध्ये झालेल्या चाचण्यांत कोरड्या मिठातलं ३० टक्के रस्त्याबाहेर गेलं. तेच मीठ चकतीवर पडताना ओलं केलं तर फक्त ४ टक्के गेलं. ओलं करायला खारं पाणीच वापरतात, त्याच २३.३ टक्क्यांचं. दुहेरी फायदा असा की मिठाला काम सुरू करायला पाणी लागतं आणि ते त्याला आधीच मिळालेलं असतं. थंडी फार असेल तर त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. ते विरघळताना उष्णता देतं आणि हवेतला ओलावाही ओढून घेतं. विस्कॉन्सिनमधल्या पोक काउंटीने २००९ पासून चीज बनवताना उरलेलं खारं पाणी रस्त्यासाठी वापरलं. दुग्धव्यवसायाच्या राज्याला शोभणारीच युक्ती आहे ही.

याहून पुढची पायरी म्हणजे हिम पडायच्या आधीच खारं पाणी सोडणं. उत्तर अमेरिकेत राहणाऱ्यांनी कोरड्या रस्त्यावर आखलेल्या पांढऱ्या समांतर रेघा पाहिल्या असतील. त्या याच. लेनच्या एका किलोमीटरला शंभरेक लिटर द्रावण, त्यात मीठ अवघं २७ किलो. पाणी उडून जातं, मीठ डांबराच्या बारीक खाचांत बसतं आणि पहिलं हिम पडतं ते त्याच्यावर. चिकटणारा थर तयारच होत नाही. नंतर चिकटलेला बर्फ सोडवायला याच्या दुप्पट-तिप्पट मीठ खर्चावं लागलं असतं. पण आधी पाऊस येणार असेल तर हे सगळं वाहून जातं. आणि कडाक्याच्या थंडीत कोरडं, भुरभुरीत हिम वाऱ्यावर उडत असेल तर मीठ टाकूच नये. ते हिम रस्त्यावरून आपोआप वाहून गेलं असतं, ओल्या मिठाने ते पकडलं जातं. तेव्हा नुसतं पातं फिरवावं, फार तर चाकांना पकड मिळावी म्हणून वाळू टाकावी. केव्हा थांबायचं हे कळणारा चालकच या कामातला खरा जाणकार.

जिथे हिमाचा ढीग माणसाच्या डोक्यावरून जातो तिथे ही सगळी रीत चालत नाही. काश्मीरहून लडाखकडे जाणारी झोजी ला ही सुमारे ११,६०० फुटांवरची खिंड सीमा सडक संघटना मोकळी करते ती बुलडोझरांनी आणि हिम कापून दूर फेकणाऱ्या फिरत्या पात्यांच्या स्नो कटरांनी. पूर्वी ही वाट महिनोन्महिने बंद राहायची. २०२५ मध्ये ती ३२ दिवसांत उघडली.

मिठाची किंमत मात्र पावतीवर लिहिलेली नसते. बर्फ वितळतो, पाणी वाहून जातं, क्लोराइड कुठेही नाहीसं होत नाही. ते विघटित होत नाही, झाडं ते पुरेसं शोषत नाहीत. एक चमचा मीठ सुमारे १९ लिटर गोडं पाणी जलचरांसाठी धोक्याच्या पातळीला नेतं आणि ते पाणी पुन्हा गोडं करण्याचा परवडणारा उपाय नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात रस्त्यावर टाकलेल्या मिठातलं सुमारे ७० टक्के तिथल्याच तळ्यांत, मातीत आणि भूजलात राहतं. पुलांच्या सळ्या गंजतात, गाड्यांचे तळ गंजतात. म्हणून त्या राज्याचं प्रदूषण नियंत्रण खातं प्लाऊचालकांना कमी मिठात रस्ता कसा राखायचा याचं प्रशिक्षण देतं. मीठ वाचवणं म्हणजे रस्ता घसरडा ठेवणं नव्हे. पातं आधी, तापमान बघून, तोललेलं, ओलं केलेलं मीठ नंतर, इतकं पाळलं तर रस्ताही मोकळा राहतो आणि तळंही गोडं राहतं.

मिनेसोटा, टोरांटो, न्यू जर्सी, शिकागो इथल्या मराठी वाचकांना एक विनंती. तुमच्या दारातही हेच गणित लागू आहे. आधी फावड्याने हिम काढा, मग मीठ. वीस फुटी ड्राइव्हवेला कॉफीचा एक मोठा मग, म्हणजे साडेतीनशे मिलिलिटर मापाचा, भरून मीठ पुरतं. दाणे एकमेकांपासून लांब पडू द्या. उणे १० च्या खाली साधं मीठ टाकू नका, वाळू टाका. आणि हिम ओसरल्यावर जमिनीवर कोरडं मीठ दिसलं तर ते झाडून डब्यात भरा, पुढच्या वादळाला तेच उपयोगी पडेल.